एका गळ्यावर उभी राहिलेली कंपनी

दिवाळी उरकली, धान कापून बांध्यांमध्ये पुंजणे लागले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत काय सुरू होते, हे तुम्हाला सांगायला नको. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या बाजूला गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट लागतो आणि रात्री नाटक असते. आम्ही गडचांदूरकडचे लोक पडलो कापूस-सोयाबीनवाले. आमची वेचणी तेव्हा ऐन भरात असते. तरी ज्याची लेक किंवा बहीण तिकडे दिली आहे, तो मंडईला गेल्याशिवाय राहत नाही. रात्रभर नाटक बघायचे, पहाटे चहा प्यायचा आणि तांबारलेल्या डोळ्यांनी परतीची गाडी धरायची!

अशा वेळी कधी मनात आले आहे का, की रात्री दहापासून पहाटेपर्यंत गळा फाडून गाणारा हा नट काल कुठे होता आणि उद्या कुठे असेल? त्याच्या घरी कोण असेल? घसा बसला तर तो खाईल काय? आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, ते केशवराव भोसले असेच गावोगाव हिंडून गायले. कोल्हापूरचे. लोकांनी त्यांना ‘संगीतसूर्य’ म्हटले. त्यांचे सगळे आयुष्य भरले ३१ वर्षांचे, आणि त्यातली पंचवीसएक वर्षे नाटक कंपनीच्या बिऱ्हाडातच गेली.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि घरात गरिबी आली. पोर गोड गळ्याचे होते. त्या काळी कोल्हापूर-सांगली-मिरजेकडे नाटक कंपन्यांचा सुकाळ, आणि गोड गळ्याच्या पोरांवर कंपन्यांचा डोळा असे, कारण बायकांनी रंगभूमीवर पाऊल ठेवायची सोय नव्हती. शकुंतला असो की सुभद्रा, मिसरूड न फुटलेल्या पोरानेच लुगडे नेसून उभे राहायचे. असे हे पोर वयाच्या पाच-सहा वर्षांच्या आतबाहेरच जनूभाऊ निमकरांच्या ‘स्वदेश हितचिंतक नाटक मंडळी’त जाऊन पडले. शाळेची पायरी त्याला फारशी चढायला मिळाली नाही. अक्षरे, पाठांतर, ताल, सूर, चारचौघांत बोलायचे कसे, हे सारे त्याने कंपनीतच उचलले.

आपल्याकडे सालगडी ठेवतात, तुम्हाला ठाऊक आहे. पाडव्याला बोली होते आणि वर्षभर तो माणूस त्या घरचा. कंपनीत पोर ठेवायचे म्हणजे असेच काहीसे होते, फक्त बोली एका वर्षाची नसे. पालक करार लिहून देत आणि पोर पुष्कळ वर्षांसाठी मालकाच्या स्वाधीन होई. दोन वेळचे जेवण, कपडालत्ता, तालीम आणि थोडाबहुत पगार कंपनीने द्यायचा. उरलेले सगळे पोराने. आईच्या पोटात काय कालवत असेल ते आईलाच ठाऊक. पण घरात दाणा नाही आणि तिकडे रोजची पंगत आहे, तेव्हा तिने काय करावे? आजही आपल्या घरातला एखादा पोरगा नाटकात जातो म्हटला की म्हातारी माणसे कपाळाला हात लावतात. त्यांना दोष देता येत नाही, आणि त्या आईलाही देता येत नाही.

कंपनीचे बिऱ्हाड म्हणजे लहानसे गावच. नट, गवई, तबलजी, सारंगीवाले, पडदे ओढणारे, रंगारी, शिंपी, आचारी, पाणके असे पन्नास-साठ माणसांचे खटले एका गावाहून दुसऱ्या गावाला हलायचे. पडद्यांचे लांबलचक गुंडाळे, लाकडी खांब, पेटारे, भांडीकुंडी रेल्वेच्या डब्यांत भरायची. जिथे रूळ संपत तिथून बैलगाडी. गावात थिएटर असले तर ठीक, नाहीतर कापडाचा नाही तर तट्ट्यांचा मांडव उभारायचा. किटसनच्या बत्त्या फुरफुरत. रात्री नाटक, दिवसा झोप, तिसऱ्या प्रहरी तालीम. भटारखान्यातल्या पंगतीतही पायरी ठरलेली असे. बड्या नटाच्या पानावर तूप जास्त! पोरांच्या पानावर किती पडे, ते आचाऱ्याच्या मर्जीवर.

त्या दिवसांत आपले गडचांदूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. वर्धा नदीच्या पलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा, अलीकडे निजाम. बल्लारशाहहून काजीपेठकडे जाणारा रेल्वेमार्ग पुरा झाला तोच १९२९ मध्ये, म्हणजे केशवराव गेल्यानंतर आठ वर्षांनी. आणि राजुरा भाग चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला १९५९ मध्ये. तेव्हा असल्या बड्या कंपन्यांचे पडदे माणिकगडाच्या पायथ्यापर्यंत यायला ना रूळ होता, ना बाजार. आपल्या आजे-पणजांच्या वाट्याला दंडार आली, खडी गंमत आली. हुबळी-बेळगाव, मिरज, पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती, इंदूर, बडोदे ही कंपन्यांची चालती बाजारपेठ.

आता त्या पोराकडे वळू. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. पैशांच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ही त्याची गोष्ट. (पुढे १९२९ मध्ये बालविवाहाविरुद्ध झालेल्या कायद्यालाही ‘शारदा कायदा’ म्हणू लागले, पण ते नाव तो कायदा आणणाऱ्या हरबिलास सारडांचे, नाटकाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे बरेचजण गल्लत करतात.) स्वदेश हितचिंतक मंडळीही हे नाटक करू लागली आणि दहा-बारा वर्षांचा केशव त्यात शारदा झाला. भेदरलेली मुलगी रंगभूमीवर उभी राहून आपले भय गाऊन सांगते, तिथे लोक वन्समोअरवर वन्समोअर घेत. मला नेहमी वाटते, त्या पोराला ते भय वेगळे शिकवावे लागले नसेल. घरच्या अडचणीपायी परक्याच्या हाती गेलेले मूल कसे असते, हे त्याच्या अंगावरच होते.

शारदेने कंपनीला पैसा दिला आणि केशवला नाव. पण नाव पोराचे आणि गल्ला मालकाचा, हे किती दिवस चालणार? वय वाढले, समज आली, मालकाशी पटेना. शेवटी हुबळीच्या मुक्कामी केशवराव बाहेर पडले आणि १ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी तिथेच आपली स्वतःची मंडळी काढली: ‘ललितकलादर्श’. त्या दिवशी त्यांचे वय सतरा वर्षे पुरे झालेले, अठरावे चालू. तुमच्या घरात सतरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्याकडे जरा बघा. बैलजोडीच्या बाजारात तुम्ही त्याला एकट्याला पाठवाल काय? या मुलाने बिऱ्हाडभर माणसांच्या पोटाचा भार डोक्यावर घेतला. जमीन नाही, वाडा नाही, सावकाराकडे ठेवायला दागिना नाही. तारण काय, तर गळा.

त्या गळ्याची मशागत त्यांनी कशी केली, हे सांगण्यासारखे आहे. आवाज उंच पट्टीचा, पल्लेदार आणि धारदार होता. पण नुसत्या आवाजावर चार वर्षे निघतात. पुढे विद्या लागते. ग्वाल्हेर घराण्याचे बडे गवई रामकृष्णबुवा वझे यांची तालीम केशवरावांनी घेतली. वझेबुवा पुढे ललितकलादर्शच्या नाटकांना चालीही देऊ लागले. एकीकडे कंपनीचा हिशेब, मुक्काम ठरवणे, माणसांची भांडणे मिटवणे आणि दुसरीकडे विद्यार्थी होऊन बुवांपुढे बसणे. आपल्यातलेही हुशार कास्तकार असेच असतात. पीक चांगले आले म्हणून शिकायचे थांबत नाहीत.

ध्यानात घ्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. पुढे महागड्या तिकिटाचा असो की सर्वांत मागे पिटात बसलेला हमाल, दोघांच्या कानी शब्द पोचला पाहिजे. मागच्याला ऐकू आले नाही तर तो शिट्ट्या मारी. वर पाच-पाच तास नाटक, पन्नासेक पदे आणि प्रत्येक पदाला वन्समोअर. कधी थंडीत मांडव, कधी पावसाळ्यात गळके थिएटर. एका मुक्कामी आठवड्याला तीन-चार प्रयोग असत. यात घसा बसला की गल्ला बसला, आणि गल्ला बसला की दुसऱ्या दिवशी भटारखान्यात चूल पेटायची चिंता. शेतकऱ्याचे आभाळाशी जसे नाते असते तसेच गायक नटाचे आपल्या घशाशी. रोज सकाळी उठून आधी तोच बघायचा.

कंपनीला खरा हात दिला तो आपल्या विदर्भाच्या एका लेखकाने. अमरावतीचे वीर वामनराव जोशी (१८८१ ते १९५६). देशभक्त माणूस, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग भोगलेला. त्यांनी ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नावाचे नाटक लिहिले आणि ललितकलादर्शने ते उभे केले. केशवराव त्यात मृणालिनी होत. नाटक तुफान चालले. कोल्हापूरचा नट आणि अमरावतीचा नाटककार असा हा संगम होता. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण एका नाटकाने वऱ्हाड आणि कोल्हापूर एकाच तिकिटावर बसवले! ‘विदर्भाचे त्यांना काय’ म्हणणाऱ्यांना हे अधूनमधून सांगायला हरकत नाही.

त्या काळी सरकारचे नाटकांवर बारीक लक्ष असे. १८७६ च्या कायद्याने नाटक बंद करायचा अधिकार सरकारच्या हाती होता, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० मध्ये बंदी आलीही होती. कीचक म्हणजे कोण, हे पुढच्या रांगेतल्याला कळे आणि मागच्या रांगेतल्यालाही. अशा दिवसांत वामनरावांसारख्या माणसाचे नाटक घेणे म्हणजे मालकाने आपली भाकरी पणाला लावणेच.

केशवराव पैसा जपून ठेवणारे नव्हते. आला की कंपनीवर घालायचे. रंगभूमीवर मखमलीचा दर्शनी पडदा आणण्याचे श्रेय त्यांच्याच कंपनीला देतात. पडदे रंगवायला कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू होते. यांच्या हातचे पडदे म्हणजे राजवाडा राजवाडाच वाटे. हेच बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले आणि १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. देवादिकांच्या चित्रपटांच्या गर्दीत कास्तकाराचे दुःख पडद्यावर आणणारा हा माणूस नाटकांचे पडदे रंगवता रंगवता तयार झाला होता. असो, ती गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी अशी आहे.

नुसत्या जुन्या पौराणिक नाटकांवर भागवणेही केशवरावांना पसंत नव्हते. मामा वरेरकर हे तेव्हा नवे लेखक. त्यांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्यावरचे नाटक केशवरावांनी १९१६-१७ च्या सुमारास घेतले. नवऱ्यामुलाचा बाप हुंड्यासाठी कसा अडून बसतो, त्याची त्यात खरपूस टर उडवली होती. प्रेक्षकांत तसलेच बाप कितीतरी बसलेले असणार! १९१९ मध्ये वरेरकरांचेच ‘संन्याशाचा संसार’ आले. हळूहळू केशवरावांनी लुगडे नेसणे सोडून पुरुषांच्या भूमिका घेतल्या. त्या काळच्या नटाला हे सोपे नव्हते. ज्या रूपावर लोक भाळले, तेच टाकून दाढीमिशा लावून उभे राहायचे आणि पुन्हा टाळी मिळवायची.

आता ज्या रात्रीमुळे केशवरावांचे नाव अजून निघते, तिच्याकडे येऊ.

तेव्हा मराठी संगीत रंगभूमीवर दोन नावे गाजत. एक केशवराव भोसले आणि दुसरे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. बालगंधर्व वयाने दोन वर्षांनी मोठे. १९१३ मध्ये त्यांनीही आपली गंधर्व नाटक मंडळी काढली होती. एकाचे गाणे मधाळ आणि लडिवाळ, दुसऱ्याचे चढे आणि तेजस्वी. शहराशहरांत दोघांचे पंथ. गंधर्ववाले ललितकलादर्शचे नाव घेत नसत आणि ललितकलादर्शवाले गंधर्वांचे. आपल्याकडे पटाच्या दोन नामी जोड्यांवरून गावात जशी तट पडतात, तशातली गत.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड निघाला. देशभरातून एक कोटी रुपये जमवायचे ठरले. त्या फंडासाठी हे दोघे प्रतिस्पर्धी एकाच रंगमंचावर उभे राहतील, असे ठरले. नाटक खाडिलकरांचे ‘मानापमान’. ते १९११ मध्ये किर्लोस्कर कंपनीने प्रथम केले होते, गोविंदराव टेंबे यांच्या चालींवर, आणि तेव्हापासून भामिनी म्हणजे बालगंधर्व हे ठरूनच गेले होते. धनाची घमेंड असलेली भामिनी गरीब पण शूर धैर्यधराला झिडकारते आणि मग गरीब मुलीचा वेष घेऊन त्याच्याच छावणीत जाते, तेव्हा तिला माणसाची किंमत कळते, अशी ती गोष्ट. आता धैर्यधर झाले केशवराव.

८ जुलै १९२१. मुंबईचे बालीवाला थिएटर. पुढच्या जागेचा दर शंभर रुपयांवर गेला होता असे सांगतात. त्या काळचे शंभर रुपये म्हणजे कित्येक घरांची वर्षाची बेगमी! तरी लोक दारावर दाटले. विचार करा, केवढी जोखीम होती दोघांनाही. एकाला टाळी जास्त पडली तर दुसऱ्याच्या पंथाचे लोक उद्या काय म्हणतील? त्यातून भामिनी बालगंधर्वांच्या हाडीमासी भिनलेली, आणि केशवराव परक्या कंपनीच्या गाजलेल्या नाटकात उभे. पण दोघेही एकमेकांना सांभाळून आणि एकमेकांना चढवून गायले. वन्समोअरांची गणती नव्हती. जाणती माणसे ‘संयुक्त मानापमान’ म्हटले की पुढे म्हातारपणीही डोळे मिटून घेत. फंडाला हजारो रुपये मिळाले. त्या गल्ल्यातला वाटा दोघांपैकी कोणत्याच कंपनीकडे जायचा नव्हता.

या प्रयोगानंतर पुरते तीन महिनेही झाले नाहीत. केशवराव विषमज्वराने अंथरुणाला खिळले. आज गावच्या दवाखान्यात आठ-पंधरा दिवसांच्या औषधाने आटोक्यात येणारा हा ताप. पण त्यावरचे खात्रीचे औषध निघायला अजून पंचवीसएक वर्षे जायची होती. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात केशवराव गेले. दोन महिन्यांपूर्वीच एकतिशी पुरी झालेली. ज्या गळ्यावर सारे बिऱ्हाड जेवत होते, तो गेला.

मालक गेला की कंपनी मोडायची, ही तेव्हाची रीतच. नट दुसरीकडे जात, पडदे लिलावात निघत. ललितकलादर्शचे तसे झाले नाही. केशवरावांच्याच तालमीतले बापूराव पेंढारकर पुढे झाले. केशवरावांसारखा आवाज आपल्याला नाही हे त्यांना पुरते माहीत होते. पण त्यांनी कंपनी सोडली नाही. १९२२ मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ त्यांनी आणले, त्यात देशाची हाक होती. १९३७ मध्ये बापूराव गेले. काही काळाने त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तेच नाव पुन्हा उचलले आणि ‘पंडितराज जगन्नाथ’सारखी नाटके केली. भालचंद्रपंत २०१५ पर्यंत होते. हुबळीला सतरा वर्षांच्या पोराने लावलेल्या रोपाने १०० वर्षे पाहिली. आता मला सांगा, शाळा न शिकलेल्या त्या पोराने ही माणसे जोडली कशी? माझ्या मते त्याचे उत्तर पंगतीत आहे. स्वतः दुसऱ्याच्या पंगतीत वाढलेला माणूस मालक झाल्यावर शेवटच्या पानाकडे आधी बघतो. सगळेच बघत नाहीत, हेही खरे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले. शेजारीच खासबाग कुस्तीचे मैदान. एका भिंतीअलीकडे सूर, पलीकडे शड्डू! त्या थिएटरला पुढे केशवराव भोसले यांचे नाव दिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या सारे जळाले आणि दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांचा जन्मदिवस. जयंतीची तयारी करून बसलेले कलावंत राखेपुढे उभे राहून रडले. नाट्यगृह होते तसे पुन्हा उभारायचे ठरले आणि कामही हाती घेतले गेले.

फिरत्या कंपन्यांचा तो जमाना बोलपटांनी संपवला. एक एक कंपनी कर्जात बुडाली. खुद्द बालगंधर्वांनाही ते चुकले नाही. पण आपल्या झाडीपट्टीत ते बिऱ्हाड अजून मोडलेले नाही, आणि ही लहान गोष्ट नव्हे. वडशाला मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावची माणसे तिथे जाऊन नाटक ठरवतात आणि संध्याकाळी नट-नट्या, वादक, पडदे गाडीत भरून निघतात. आज या गावी, उद्या त्या गावी, होळीपर्यंत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोग केले आहेत. तेही कास्तकारच. दिवसा शेत, रात्री नाटक.

आता रंगमंचाच्या वर तारेला मायक्रोफोन टांगलेले असतात. यंदा मंडईला गेलात आणि नाटकाच्या ऐन रंगात वीज गेली, तर लगेच आरडाओरड करू नका. जनरेटर सुरू होईपर्यंत नट गाणे थांबवतो की तसाच गात राहतो, ते बघा. गात राहिला, तर उठून अगदी शेवटच्या रांगेच्या मागे जाऊन उभे राहा. तिथवर शब्द येतो का, ऐका.